बांधावरची पोपटी

आते, पोपटी झाली. आधी एवढं सांगून टाकते, बाकीचं मागाहून. तू असतीस तर मला उंबऱ्यातच अडवून विचारलं असतंस, "झाली का गो?" आणि मी तोंड उघडायच्या आत "मीठ कोनी टाकला?" हेही विचारून मोकळी झाली असतीस. तर झाली. तुझ्या माहेरीच, नेऱ्याच्या शेतात झाली. माणसं इतकी आली की शेंगा कमी पडल्या आणि काकांनी धावत जाऊन अजून दोन टोपल्या तोडून आणल्या.

तुझ्या बाराव्याला आम्ही सगळे तुझ्या सासरी, आपट्याला आलो होतो. तिथे जमलेली माणसं तुझ्याबद्दल जे जे बोलत होती, ते ऐकून मला वाटलं, ही कुणाबद्दल बोलताहेत? शांत बाई, सोशिक बाई, कधी आवाज चढवला नाही. आते, तुझा आवाज पाताळगंगेच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायचा. तू बैलाला हाक मारलीस की शेजारच्या घरातली माणसं दारात यायची. मेल्यावर माणसाला गरीब गाय करून टाकायची आपल्याकडे रीतच आहे, पण मला ते सहन झालं नाही. तिथे काही बोलले नाही, आज बोलते आहे.

पोपटी कशी सुरू झाली ते बाबा एक सांगतात आणि काका दुसरंच सांगतात. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या थंडीतली गोष्ट. तुझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, कडेवर पोर होतं. भात घरात आलं होतं आणि भाताच्या रिकाम्या शेतात टाकलेला वाल शेंगांनी लगडला होता. अशात एके दिवशी सकाळी, ना निरोप ना काही, आपट्याहून तुझी बैलगाडी दारात उभी. गाडीत तू, आतोबा, सासरची पाच-सहा पोरं आणि तुझ्या मांडीवर एक कोरं मडकं.

आजा ओटीवर बसला होता. तो घाबरलाच. म्हणाला, "सन नाय, लगीन नाय, कोनाची मयत नाय. मंग आलीस कशी?"

तू गाडीतून उतरता उतरताच म्हणालीस, "म्हनून तर आले. सनाला कामा असतात, लग्नाला भांडना असतात, मयताला रडायचा असतं. नुसता एकमेकांचा तोंड बघायला कवा भेटायचा?"

आजा नुसता म्हणाला, "बरा, तोंड बग मंग." आणि तू घरातल्या सगळ्यांना शेतात पिटाळलंस.

मी शिकवते त्या शाळेत घाटावरून आलेल्या एक बाई आहेत. त्यांना पोपटी म्हटलं की पोपटाची बायको वाटते. त्यांना दर वर्षी समजावून सांगते, की बाई, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये मध्ये अंडी, घरात असली तर कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबायचा. मग भरलेलं मडकं उचलून जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, सुक्या काटक्या, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. त्या बाई ऐकून घेतात आणि म्हणतात, "म्हणजे उकडलेल्या शेंगाच ना?" तू इथे नाहीस हे त्यांचं नशीब.

त्या दिवशी आजाने पोटभर शेंगा खाल्ल्या. दात नव्हते, तरी अंडंही खाल्लं. संध्याकाळी गाडी जुंपताना त्याने तुझ्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "फुडल्या वर्षी बी ये." बस, एवढंच आमंत्रण. त्यावर आपलं कुटुंब आजपर्यंत दर वर्षी जमत आलं. पुढच्या वर्षी करंज्याची मावशी आली, सुक्या बोंबलांची टोपली घेऊन. मग तिच्या जावा, तुझ्या नणंदा, आईच्या माहेरची माणसं. कोण कुणाचं कोण हे विचारायची पद्धत नव्हती. शेंगा तोडायला हात लावला की तो आपल्यातला.

मग आजा गेला आणि शेताची वाटणी झाली. ती अगदी गोडीत झाली. गावातली माणसं दोन्ही भावांचं उदाहरण द्यायची. भांडण झालं ते खळ्यावरून. खळं एकच होतं. त्या वर्षी बाबांचं भात आधी झोडलं, काकांचे भारे बाहेर रचून ठेवले होते, आणि अवकाळी सर आली. काकांचं भात भिजलं. काका म्हणाले, दादाने मुद्दाम दिवस लावले. बाबा म्हणाले, आभाळ काय मी बोलावलं? एवढंच. पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

तुला हे सगळं माहीत आहे, पण तू आपट्याला होतीस. आमच्या अंगणात काय चाललं होतं ते मी पाहिलं. एक अंगण, दोन दारं. बाबांना काकांना काही सांगायचं असलं की ते गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायचे, "आज पाटाचा पानी आमच्याकडं हाय, कोनी मधी फोडू नये." काका पलीकडून बैलाला उत्तर द्यायचे, "आमाला काय कोनाचा पानी नको." म्हैस आणि बैल, दोघंही रवंथ करत ऐकायची. आई आणि काकी मात्र रोज धुणं घेऊन गाढी नदीवर जायच्या. घरून निघताना एक पुढे, एक मागे. नदीवर एकाच दगडावर. कुणाच्या घरात काय शिजलं, कोण काय बोललं, सगळं तिथे चालायचं, आणि येताना पुन्हा एक पुढे, एक मागे.

मला हसू यायचं, पण त्या थंडीत माझं लग्न ठरलं आणि हसू पळालं. वैशाखात लग्न होतं, पनवेलच्या शाळामास्तरांशी. काकांनी बैलाला सांगितलं, "जिथं आपल्याला मान नाय, त्या मांडवान आपन पाय ठेवायचा नाय." ते मी ऐकलं. आते, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की हेच काका मला खांद्यावर बसवून शाळेच्या बाजूला सोडायचे. मी शिकले ती बाबांच्या मर्जीने, पण पोचले काकांच्या खांद्यावरून. ते लग्नाला येणार नाहीत, तर मी कुणाच्या पाया पडून निघणार? मी शेणाच्या खड्ड्याशी उभी राहून रडायचे, म्हणजे कुणी विचारलं तर वासाने डोळ्यांत पाणी आलं असं सांगता येईल.

पोपटीचे दिवस आले. बाबांनी तुला निरोप धाडला, यंदा पोपटी माझ्या शेतात. काकांनीही धाडला, यंदा पोपटी माझ्या शेतात. दिवस एकच, तुझा नेहमीचा. तू दोघांनाही एकच उत्तर दिलंस, "येते."

त्या दिवशी दुपारचं ऊन उतरायला लागलं तेव्हा बांधाच्या या बाजूला बाबांनी मडकं मांडलं होतं आणि त्या बाजूला काकांनी. दोघंही पाठ करून बसलेले. पाहुण्यांची पंचाईत. करंज्याची मावशी बोंबलांची टोपली डोक्यावर घेऊन नुसतीच उभी, कुठे उतरवावी कळेना. आणि मग तुझी गाडी आली. ती ना इकडे वळली ना तिकडे. आतोबांनी ती सरळ बांधाला भिडवली. तू उतरलीस आणि मागून आतोबांनी मडकं उतरवलं. मडकं कसलं, रांजणच तो! मी एवढं मडकं पोपटीसाठी ना आधी पाहिलं ना नंतर.

"चांगुणे, हिकडं!" बाबा ओरडले.

"बाय, हिकडं!" काका ओरडले.

तू बांधावर फतकल मारून बसलीस आणि तुझ्या त्या सोशिक आवाजात, जो प्रबळगडावर आपटून परत आला असेल, म्हणालीस, "माला दोन पाय हायत. एक हिकडं सोडीन, एक तिकडं. पन पोट एकच हाय. मी हितंच खानार."

पोरं आधी पळाली तुझ्याकडे. मग मावशीने टोपली उतरवली, बांधावरच. मग या बाजूने आई शेंगांची टोपली घेऊन उठली आणि त्या बाजूने काकी. एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही, पण उठल्या बरोबर एकाच वेळी. नदीवर ठरलं असणार. दोन्ही शेतांतल्या शेंगा एका मडक्यात पडल्या. तू पाला दाबलास, मीठ टाकलंस, जरा जास्तच टाकलंस, आणि मडकं गळ्यापर्यंत भरलं. बाबा आणि काका आपापल्या छोट्या मडक्यांशी एकटे बसून राहिले होते.

"अहो," तू आतोबांना म्हणालीस, "घाला पालथा."

आतोबा वाकले. मडक्याला हात लावला आणि तसेच कंबर धरून खाली बसले. "आय गो! पाठ भरली!"

तू आभाळाकडे पाहिलंस. "आता काय करायचा? बायांना उचलनार नाय. पोरांनी उचलला तर फुटंल." आणि गप्प बसलीस. तुला गप्प बसलेलं मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलं आहे. वाराही पडला होता. मडक्यातून ओव्याचा वास येत होता.

बाबा उठले. मडकं फुटू नये म्हणून उठले. काका उठले ते बाबांच्या हातून ते नक्की फुटणार अशी त्यांची खात्री होती म्हणून. दोघांनी दोन बाजूंनी हात घातले.

"धर," बाबा म्हणाले. कुणाकडे न बघता.

"धरलाय."

"तोंडावर हात ठेव. पाला निसटतंय."

"ठेवलाय ना! तू तुजी बाजू बघ."

"माला शिकवतंस? तुज्या जन्माच्या आधीपासून मडकी पालथी घालतंय मी."

"भांडा," तू म्हणालीस, "पन मडका खाली ठेवून भांडा."

आई फिस्सकन हसली. मडकं डुललं, चार शेंगा सांडल्या, आणि मग ते जमिनीवर बसलं, नीट, पालथं, जसं बसायला हवं तसं. पण दोघांनी हात काढले नाहीत. आधी कुणी काढायचा? उकिडवे बसले दोघं, मडक्याला धरून, जणू ते पळून जाणार होतं. तू भोवती पेंढा रचायला घेतलास आणि काडी ओढलीस तेव्हा कुठे हात सुटले.

जाळ बसला आणि काकांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. पडल्या पडल्या उडून गेले. तेव्हा काका म्हणाले, "दादा, झाली बग." बैलाला नाही, दादालाच म्हणाले. बाबांनी नुसतं "हूं" केलं. मग सगळे बांधावर, दोन्ही बाजूंना पाय सोडून, शेंगा खायला बसलो. काका अंडं सोलत होते. सोलता सोलता, जसं काही आत्ताच आठवलं, असं म्हणाले, "यमूचा लगीन वैशाखात कवा हाय?"

बाबा म्हणाले, "तुला म्हाईत नाय?"

"माला कोनी सांगितला नाय."

"म्हशीला सांगितला होता मी."

आते, त्यावर जे हसणं सुरू झालं ते मला अजून ऐकू येतं. काकी हसता हसता बांधावरून घसरून काकांच्या शेतात पडली. बाबांना ठसका लागला, काकांनी त्यांच्या पाठीवर जोरात दोन बुक्के घातले, आणि ते दोन बुक्के जरा जास्तच जोरात होते असं बाबा अजूनही म्हणतात. मी तोंड फिरवून डोळे पुसले. धूर होताच.

निघताना तुझ्या गाडीचं चाक बांधाच्या मातीत रुतलं. मी दिवा घ्यायला घराकडे वळले होते, वळून बघते तो आतोबांनी एकट्याने चाकाला खांदा लावून गाडी वर काढली. माझी आणि त्यांची नजरानजर झाली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी तुला पुढे कितीदा विचारलं, की आतोबांच्या पाठीला त्या दिवशी काय झालं होतं? तू दर वेळी म्हणायचीस, "पाठ हाय ती. कवा दुखते, कवा नाय."

लग्नात काका असे वावरले जसं काही मुलगी त्यांचीच आणि बाबा पाहुणे. मांडवाचे बांबू वाकडे, आचारी कामचुकार, बँडवाले उशिरा, सगळ्यांना शिव्या काकांच्या. तू लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारिणींच्या मध्ये बसून त्यांच्यापेक्षा मोठ्याने गात होतीस. मी निघताना काकांच्या पाया पडले तर ते म्हणाले, "पनवेलला ओढा नाय, बरा झाला. आता माजा खांदा दुखतं." आणि घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पहिल्या वर्षी ह्यांना पोपटीला आणलं तेव्हाची गंमत तर तू दर थंडीत सांगायचीस आणि दर वर्षी त्यात थोडी भर घालायचीस. खरं झालं ते एवढंच. पांढरं धोतर नेसून हे बांधावर उभे, शहाण्यासारखे. जरा आपण लक्ष घातल्यासारखं दिसावं म्हणून तुला विचारलं, "आत्याबाई, यात पाणी किती घालतात?"

तू हातातला पाला खाली ठेवलास. ह्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस. "जावई," तू म्हणालीस, "पानी घातला तर ती पोपटी नाय, आमटी. आमटी पायजे तर घरा जावा, तुमची सासू करंल." मग पाल्याचा भारा ह्यांच्या हातात दिलास. त्या दिवशी ते धोतर हिरवं झालं ते कायमचंच. पण पुढच्या वर्षी आपण जायचं आहे ना, असं दिवाळीपासून विचारत कोण होतं? हेच.

वर्षं गेली. पोरं मोठी झाली. कुणी मुंबईला गिरणीत लागलं, कुणी पनवेलला दुकान टाकलं. पोपटीचा दिवस आला की गावातल्या पोरी शेंगा तोडत आणि शहरातल्या पोरी त्या खात, असं व्हायला लागलं. मला वाटायचं, पोपटी पनवेलला करावी. आमच्या परसात जागा आहे, विहीर आहे, मोटारस्टँड जवळ. लांबून येणाऱ्यांचे हाल वाचतील. त्यावरून तुझं-माझं दर वर्षी वाजायचं.

"परसात पोपटी?" तू म्हणायचीस. "मंग चुलीवर डालच उकड ना."

"आते, माणसांना सोयीचं पडेल."

"यमे, पनवेलला आलेला मानूस घड्याल बघतंय. नेऱ्याला आलेला मानूस दिवस बघतंय."

"घड्याळ नेऱ्यालाही घालून येतात लोक."

"येऊ दे. धुरानं दिसत नाय."

गेल्या वर्षी मी जरा चिडले होते. तू म्हणालीस, "फुडल्या वर्षी बोलू." आते, मी वर्षभर मुद्दे काढून ठेवले होते. चांगले मुद्दे होते. म्हाताऱ्या माणसांसाठी बाकं आणता आली असती, पोरांना झोपायला घर होतं. मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर आहे. पण वाद घालायला समोर माणूस लागतं. नेऱ्याच्या बाजूने आता कोण बोलणार? हे म्हणतात, मी बोलतो. पण ह्यांना ओरडता येत नाही.

गेल्या वर्षी तू आगगाडीने आलीस. आपट्याहून पनवेलला गाडी सुरू झाल्यापासून तुला तिचं वेडच लागलं होतं. मी स्टेशनवर घ्यायला आले होते. तू डब्याच्या दारातूनच ओरडलीस, "यमे, बैलापरीस लवकर आलो! पन बोलत नाय गो मेली. हाक मारली तरी वलून बघत नाय." सगळा फलाट तुझ्याकडे बघत होता.

दिवाळीनंतर तुला ताप आला. मी आले तेव्हा तू खाटेवर उठून बसली होतीस, गाल बसले होते, आवाज मात्र होता तसाच. मला वाटलं आता सांगून टाकावं. की त्या वर्षी ते रांजणाएवढं मडकं तू आणलं नसतंस तर मी माझ्या लग्नात काकांची वाट बघत मांडवाच्या दाराशी उभी राहिले असते. हे मी तुला कधी बोलले नव्हते. सुरुवात केली, "आते, माझ्या लग्नाच्या वर्षी..."

"ते ऱ्हाऊ दे," तू म्हणालीस. "पाय चेप जरा."

मी पाय चेपले. आणि तू डोळे मिटून हसलीस, म्हणजे तुला कळलं होतं. निदान मी तसं धरून चालले आहे.

तू गेलीस तेव्हा शेतात वाल नुसता गुडघ्याएवढा होता. मग शेंगा धरल्या आणि घरात विषय निघेना. बाबा म्हणाले, "यंदा नको." काका म्हणाले, "यंदा नकोच." आयुष्यभर कशावर एकमत न झालेली ही दोन माणसं, यांचं एकमत झालं ते नेमकं यावर! मीही मान डोलावली.

मी रविवारी नेऱ्याला गेले तर आई आणि काकी घरात नाहीत. शोधत शोधत गेले तर दोघी शेताच्या कडेला भांबुर्डीचा पाला तोडत होत्या. दोघींच्या कमरेला पदर खोचलेला, दोघी साठीच्या पुढच्या.

"अगं आई, बाबा नको म्हणाले ना?"

"त्यांना नको तर नको," आई म्हणाली. "त्यांनी घरान बसावा."

काकी म्हणाली, "आमाला शेंगा खायच्या हायत. चांगुना नाय म्हनून वाल शेतानच सुकवायचा काय? वर गेल्यावर ती आमाला काय म्हनंल?"

मीही पाला तोडायला लागले. सगळीकडे निरोप गेले. आपट्यालाही गेला. पण आपट्याहून कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं. लेक गेली की तिच्या सासरचं येणं-जाणं हळूहळू थांबतं, जगाची रीत आहे.

ते आले. आतोबा आले, काठी टेकत. तुझा मुलगा आला आणि त्याची बायको कुसुम, दोन्ही पोरांना घेऊन. पण कुसुम आली ती पाहुणीसारखी. तू असताना तुझ्या मागे मागे पाला उचलणारी, शेंगा निवडणारी ती पोरगी, यंदा शेताच्या कडेला घडी घातलेल्या चादरीवर नीट बसून राहिली. तिला कुणी काही सांगेना, तीही कशाला हात लावेना.

मडकं बाबा आणि काकांनीच पालथं घातलं. आता दोघांनाही एवढं ओझं झेपत नाही, म्हणून मागून पोरांनी आधार दिला. पोपटी उघडली, शेंगा सुपात ओतल्या, सगळे खायला बसले आणि एकदम शांतता. नुसता धूर. मला वाटलं, आता कुणीतरी रडणार आणि सगळंच बिघडणार. तेवढ्यात करंज्याच्या मावशीने, तिला आता दिसतही नाही नीट, एक शेंग तोंडात टाकली, जरा चघळली आणि म्हणाली, "चांगुनानं मीठ टाकला नाय, म्हनून यंदा बेस झाली गो."

आधी बाबा हसले. मग काका. मग सगळं शेत हसलं, आणि हसता हसता आतोबांनी उपरणं डोळ्यांना लावलं, तर त्यांना कुणी गप्प राहा म्हटलं नाही. मग गोष्टी निघाल्या. म्हशीची, बैलाची, ह्यांच्या हिरव्या धोतराची. नव्या सुनांना माहीत नव्हत्या त्या सांगितल्या, माहीत होत्या त्या पुन्हा सांगितल्या. दिवस मावळेपर्यंत कुणी उठलं नाही.

आज सकाळी मी आपट्याच्या मंडळींना गाडीत बसवून दिलं. निघताना नेऱ्याला एक भांडण झालं, ते तुला सांगायलाच हवं. बाबांनी कुसुमच्या हातात शेंगांचं गाठोडं दिलं, आपट्याला वानवळा म्हणून. काकांनी पाहिलं आणि म्हणाले, "दादा, तुज्या शेंगा निबर हायत. माज्या शेतातल्या नेऊ दे." बाबा म्हणाले, "मी मोठा हाय, वानोला माजाच जानार." काका म्हणाले, "मोठा हायस तर मोठ्यासारखा वाग." शेवटी कुसुम दोन्ही काखांत दोन गाठोडी घेऊन निघाली.

फलाटावर मी आणि कुसुम गाडीची वाट बघत उभ्या होतो. आतोबा बाकावर बसले होते, पोरं रुळांकडे वाकून बघत होती. कुसुम हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? आता आत्याबाई नाय. फुडल्या वर्षी आमी... यायचा का?"

गोड बोलायला गेले असते तर दोघी रडलो असतो, आणि गाडी यायची वेळ झाली होती. म्हणून मी तिला दटावलं.

"विचारतेस काय?" मी म्हटलं. "आणि यंदासारखी दुपारी येऊ नकोस. सकाळी ये. शेंगा तोडायला हात कमी पडतात."

ती एकदम हसली. मग गाडी आली, ती पोरांना घेऊन चढली, दोन्ही गाठोडी तिने मांडीवर घेतली. मी परत घरी आले. केसांना अजून भांबुर्डीच्या धुराचा वास येतो आहे, आते. आज काही मी न्हात नाही.